ड्रॅगनच्या डोंगरावर सासुरवाडी

मंडळी, ड्रॅगन मारणं ही काही मोठी गोष्ट नाही. मोठी गोष्ट आहे टोळी बांधणं! टोळी नीट बांधली की ड्रॅगन काय, ड्रॅगनचा आजाही शेपूट घालून पळतो. हे वाक्य मी आमच्या ऑफिसात, भर दुपारी, डबे उघडलेले असताना साकेतच्या तोंडावर फेकलं. तिथंच माझं वाटोळं झालं.

साकेत माझ्या शेजारच्या टेबलावर बसतो. आम्हा दोघांनाही कॉम्प्युटरवरच्या एकाच गेमचं वेड. त्यात आपण चार जणांची टोळी बनवायची. एक योद्धा, एक जादूगार, एक वैद्य आणि एक चोर. मग जंगलं, गुहा, भुतंखेतं पार करत जायचं आणि शेवटी काळ्या डोंगरावरच्या ड्रॅगनला लोळवायचं. साकेत त्या ड्रॅगनकडून इतक्यांदा भाजून निघाला होता, की हल्ली त्याला वांग्याच्या भरताचीही दया यायची.

"तू टोळीच चुकीची बांधतो लेका," मी म्हणालो. "या रविवारी घरी ये. मी नवी टोळी बांधतो आणि तुझ्या डोळ्यांसमोर ड्रॅगन पाडतो!"

"नाही पाडला तर?"

"तर माझं टेबल तुझं!"

हसू नका. महिना मे, गाव वर्धा! सकाळी दहालाच डांबर चपलेला चिकटतं. आमच्या ऑफिसात कूलर एक आणि त्याच्या थेट तोंडापुढचं टेबलही एकच, माझं! आधीचे बाबू निवृत्त झाले, तेव्हा त्यांच्या गळ्यात हार पडायच्या आधी मी त्या टेबलावर माझी पाण्याची बाटली नेऊन ठेवली होती. असं टेबल मी पैजेला लावलं, यावरून माझा आत्मविश्वास केवढा होता ते समजा!

शुक्रवारी घरी येऊन लॅपटॉप टीव्हीला जोडला. गेम सुरू केला. आणि बेल वाजली.

दारात माझे सासरे लक्ष्मणराव, सासूबाई आनंदाबाई, दोन पिशव्या आणि आंब्यांचं एक पोतं.

"जवाईबापू, हिंगणीच्या घरावर स्लॅब टाकला," सासरे पोतं माझ्या पायावर ठेवत म्हणाले. "पक्का होईपर्यंत आमी इथंच हावो!"

बायको नमिता आनंदानं ओरडली. मीही ओरडलो. पोतं खरंच जड होतं.

पाणीबिणी झालं आणि सासूबाई थेट टीव्हीसमोर बसल्या. "माही सिरियल लावून देता का जी?"

मंडळी, रविवार दोन दिवसांवर! टीव्ही हातचा गेला तर टेबल गेलंच. मी घाईघाईनं म्हणालो, "मामीजी, सिरियलपेक्षा भारी आहे हे! बसा तर खरं. मामाजी, तुम्हीही बसा, गंमत दाखवतो!"

माझी दुसरी चूक.

मी योद्धा तयार करायला घेतला. पडद्यावर पिळदार दंडांचा गडी उभा राहिला. मामाजी चष्मा पुसून त्याच्याकडे बघत राहिले, जणू मुलीसाठी स्थळ आलं होतं.

"याची कंबर पाहा! हा वावरात वखर तरी धरन का?"

"मामाजी, याला ताकद, अक्कल, चपळाई असे गुण आपण द्यायचे. थोडे इकडे, थोडे तिकडे."

"अक्कल कायले पाहिजे त्याले? तलवारच चालवाची आहे ना? टाका समदे ताकदीत! आना इकडे!"

आणि त्यांनी माउस घेतला. माउस ते असा धरत, की उंदीरच सापडला आहे आणि सुटला तर धान्य खाईल. सगळे गुण ताकदीत ओतले. आमचा योद्धा रेड्यासारखा फुगला आणि अकलेच्या रकान्यात शून्य! त्याचं नाव ठेवलं गेलं 'लक्ष्मण पैलवान'.

"हे पांढऱ्या लुगड्यावाली कोन?" सासूबाईंनी विचारलं.

"ती वैद्य. जखमा बऱ्या करते."

"मंग हे मले द्या. माह्या गुडघ्याचंही पाहीन थे."

जादूगारीण नमितानं आधीच उचलली होती. तिनं कुणालाही न विचारता जादूचे सगळे मंत्र वाचून काढले होते आणि ती गप्प बसून हसत होती. नमिता गप्प बसून हसते तेव्हा मी सहसा घराबाहेर पडतो.

उरला चोर.

"चोर?" मामाजी दचकले. "जवाईबापू, घरच्या टोळीत चोर कायले ठेवता?"

"मामाजी, खेळायला लागतो तो."

"आता तुमीच उरले म्हना. ठीक आहे. पन समोर चाला. मांगं नोका राहू."

तर अशी निघाली आमची टोळी. गेम पाळीपाळीचा होता. ज्याची पाळी त्याच्या हातात माउस. पहिल्याच फाट्यावर पाटी लागली. एका बाजूला डोंगर, एका बाजूला दलदल. पुढारी पैलवान आणि पैलवानाला अक्षरओळख नाही! त्याच्या डोळ्यांना पाटीवर नुसत्या मुंग्या दिसत होत्या.

"मामीजींच्या बाईला वाचता येतं, तिला वाचू द्या," मी म्हणालो.

"बायकोले रस्ता इचारू?" मामाजी म्हणाले आणि टोळी दलदलीत घातली.

दलदलीतून बाहेर यायला आम्हाला जेवणवेळ झाली. पुढे एका पडक्या देवळात लोखंडी पेटी सापडली. आता माझी वेळ होती! चोराचं कामच ते. मी माउसकडे हात नेला.

"हात मांगं!" मामाजी गरजले.

"अहो मामाजी, कुलूप चोरच उघडतो!"

"थेच तं म्हनून राह्यलो मी!"

आणि पैलवानानं पेटीवर तलवार हाणली. आत औषधाच्या बाटल्या होत्या. होत्या! एक तेवढी शक्तिवर्धक बाटली वाचली, ती सासूबाईंनी पदराखाली घ्यावी तशी आपल्या पिशवीत टाकली.

शनिवारी सकाळी आम्ही जंगलात शिरलो. आणि झुडपातून बाहेर आलं एक रानडुक्कर.

मामाजी सोफ्यावरून उभे राहिले. चेहरा लाल. हिंगणीला जंगल अगदी वावराच्या बांधाला लागून. रात्री डुकरं येतात, भुईमूग उकरतात, चना लोळवतात आणि वनखात्याच्या धाकानं माणसानं फक्त डबा वाजवायचा. मामाजींनी आयुष्यभर डबा वाजवला होता.

"थांब, तुह्या..." पुढचं मी लिहीत नाही. पैलवानाची तलवार फिरली. डुक्कर आडवं! मामाजींच्या तोंडावर असं समाधान पसरलं, जसं मुलीच्या पाठवणीनंतरही पाहिलं नव्हतं.

"अजून आहेत का हे?"

"जंगलभर आहेत. पण मामाजी, आपल्याला डोंगरावर जायचं आहे. ड्रॅगन..."

"थो कुठं जाते? बसला आहे ना डोंगरावर? पहिले हे!"

शनिवार पूर्ण डुकरांत गेला! दुपारी पंख्याखाली मी डुलक्या घेत होतो आणि अधूनमधून आरोळी यायची, "हे गेलं भुईमुगाचं! हे गेलं चन्याचं!" उद्या साकेत येणार आणि आमची टोळी अजून बांधावरच! मला कूलर दिसत होता. दूर जाताना.

संध्याकाळी मी हातापाया पडून टोळी डोंगराच्या पायथ्याच्या गावात आणली. तिथं बाजार होता. ढाली, भाले, चिलखतं. मामाजींनी त्यांतलं काहीही पाहिलं नाही. ते एका कोपऱ्याकडे बोट दाखवून ओरडत होते.

"नमे! पाह्य! गवळाऊ!"

कोपऱ्यात एक पांढराशुभ्र बैल उभा होता. ओझं वाहायला घ्यायचा असतो तो. आमच्या जिल्ह्याच्या अस्सल गवळाऊ जातीशी परदेशातल्या कुणा चित्रकाराचा काय संबंध? पण मामाजींना पटेना.

"कपाळ पाहा. शिंगं पाहा. असा बैल आता आष्टीच्या बाजारातही नाई मिळत! घ्या!"

त्यांनी बटण दाबलं. पडद्यावर इंग्रजीत पाटी आली. ती मी मनातल्या मनात वाचली.

"काय म्हनते थे?"

"काही नाही मामाजी. बैल मिळत नाही म्हणतं."

"खोटं," नमिता म्हणाली. "ते म्हणतं, टोळीत चारच जण मावतात. बैल घ्यायचा तर कुणाला तरी काढा."

तीन माना हळूहळू माझ्याकडे वळल्या.

"अहो, असं कसं!" मी म्हणालो. "टोळी माझी! लॅपटॉप माझा!"

"आता जवाई हायत थे," सासूबाईंना माझी दया आली. "बरं नाई दिसत. पन जवाईबापू, तुमी त्या टोळीत नेमकं करता काय?"

"मी कुलूप उघडतो!"

"उघडलं का एखादं?"

उघडू दिलं असतं तर ना!

"आपण मतं घेऊ," नमिता म्हणाली. "बैल पाहिजे, त्यांनी हात वर करा."

तीन हात वर गेले. मंडळी, सात वर्षांच्या संसारात आमच्या घरात इतकं एकमत कधी झालं नव्हतं!

"नमिता, तू सुद्धा?"

"मनाला लावून घेऊ नका हो. बैल सगळं सामान उचलतो आणि मध्ये मध्ये सल्ले देत नाही. आणि तुम्ही तसाही चहा छान करता."

माझा चोर टोपी सावरत, एकटाच, सूर्यास्ताच्या दिशेनं चालत गेला. मी स्वयंपाकघराच्या दिशेनं.

बैलाचं नाव ठेवलं 'राजा'. मामाजींनी त्याच्या शिंगांना पोळ्याच्या बैलासारखी पितळी टोपणं बसवली. सासूबाईंनी ती जपून ठेवलेली शक्तिवर्धक बाटली त्याला पाजली. "लय कष्ट करते बिचारा!" मग मामाजी झोपायच्या आधी 'अजून थोडी' म्हणत पुन्हा डुकरांवर गेले. मारलेल्या प्रत्येक डुकराचं बळ टोळीतल्या चौघांत वाटलं जायचं. म्हणजे माझ्या वाट्याचं बैलाला!

रविवारी दुपारी साकेत आला. त्याला पन्ह्याचा ग्लास दिला. तो सोफ्यावर ऐटीत बसला आणि म्हणाला, "चल, दाखव तुझी टोळी."

"माझी म्हणजे... हे मामाजी, या मामीजी, ही नमिता."

"आणि चौथा?"

"बैल."

"तू कोणता?"

"मी पन्हं आणलं ना आत्ता."

साकेतनं शांतपणे ग्लास खाली ठेवला. त्याला आत्ताच गार वारा लागत असावा.

काळ्या डोंगराच्या माथ्यावर ड्रॅगन उठला. पंख पसरले, तसा आमच्या टीव्हीचा आवाज फाटला. पहिली पाळी नमिताची. तिनं बर्फाचा असा भाला फेकला, की ड्रॅगनची मान रक्तबंबाळ झाली आणि त्याचा निम्मा जीव गेला! साकेत उठून उभा राहिला. मी टाळी वाजवली. जमलं! वाचलं टेबल!

दुसरी पाळी सासूबाईंची.

"अवं माय! मान पाहा त्याची!" असं म्हणून त्यांनी आपला सगळ्यात मोठा उपचार ड्रॅगनवर केला. ड्रॅगन ताजातवाना झाला. उलट पहिल्यापेक्षा गुटगुटीत दिसू लागला.

"मामीजी, तो दुश्मन आहे!"

"असन. मुका जीव आहे थो. लागलं तं लागलंच ना!"

"मुका नाही हो, आग ओकतो!"

"मंग पित्त असन."

ड्रॅगननं त्यांच्याच अंगावर आग ओकली, पण सासूबाईंचं मत काही बदललं नाही. तिसरी पाळी मामाजींची. पैलवान आणि ड्रॅगन अगदी समोरासमोर. मामाजींनी माउस आवळला. तेवढ्यात, पडद्याच्या पार कोपऱ्यात, एका दगडाआड काहीतरी हललं.

"मामाजी, नाही," मी म्हणालो. "मामाजी, हात जोडतो. ड्रॅगन इकडे आहे!"

"थो कुठं पयते? डुक्कर निसटन!"

आणि लक्ष्मण पैलवान ड्रॅगनकडे पाठ करून डुकराच्या मागे धावला. ड्रॅगननं त्याची पाठ भाजली, तरी पैलवान मागे वळला नाही. डुक्कर पडलं. त्याच्यासोबत पैलवानही पडला. मामाजी तृप्त होते.

"संपलं," साकेत म्हणाला. "उद्या सकाळी तुझे ड्रॉवर रिकामे करून ठेव."

"थांबा," नमिता म्हणाली. "राजाची पाळी राहिली."

बैलाची पाळी कॉम्प्युटर स्वतःच खेळतो. राजानं मान खाली घातली. पाय घासला. जंगलभरच्या डुकरांचं बळ, बाटलीतली शक्ती आणि पितळी शिंगं घेऊन तो निघाला. एकच धडक! ड्रॅगन कड्यावरून गेला तो थेट ढगांच्या खाली. वरून फक्त धूर आला.

घरात जो आरडाओरडा झाला, तो विचारू नका! मामाजींनी नमिताला मिठी मारली, सासूबाईंनी टीव्हीवरून बैलाची दृष्ट काढली. मी साकेतला गदागदा हलवलं. "पाडला! पाडला ना?"

"कोणी?"

"म्हणजे?"

"तू म्हणाला होता, 'मी पाडतो.' पाडला बैलानं. तू तर टोळीतच नाही!"

मी मोठ्या आशेनं मामाजींकडे पाहिलं. गावातले तंटे मिटवणारा माणूस तो! त्यांनी डोळे मिटून क्षणभर विचार केला.

"पोराचं बरोबर आहे, जवाईबापू. तुमी तं तवा पन्हं वाटून राह्यले होते."

सोमवारपासून साकेत कूलरसमोर बसतो. दुपारी त्याचे कागद उडतात आणि ते मी गोळा करून देतो. माझं टेबल पश्चिमेच्या भिंतीला. भिंतीवर पापड वाळवता येतील.

स्लॅब पक्का झाला, सासूसासरे हिंगणीला गेले. परवा दुपारी ऑफिसात घामानं निथळत बसलो होतो, तेवढ्यात मामाजींचा फोन आला.

"काऊन जी जवाईबापू, या गर्मीत तब्येत कशी आहे?"

मला एकदम भरून आलं. एवढं होऊन माणूस आपली चौकशी करतो! "ठीक आहे मामाजी. थोडं डोकं दुखतं, भूक लागत नाही..."

"अरे बापा! अन् तुमी आता सांगता?" मामाजी घाबरून ओरडले. "नमीले फोन करा! शिंगाकडून दुखते का मानेकडून?"

मी म्हणालो, "मामाजी, तुम्ही बैलाबद्दल विचारता का?"

"मंग कोनाबद्दल?"

आता तुमच्यापासून काय लपवायचं! संध्याकाळी घरी गेलो आणि हातपाय धुवायच्या आधी लॅपटॉप उघडून राजाला पाणी दाखवलं.