नालीच्या लग्नाचे यजमान

आमच्या सोनागिरी कॉलनीत लग्नाचं आमंत्रण हल्ली व्हॉट्सॲपवर येतं. नगर निगमच्या, म्हणजे इथल्या महापालिकेच्या, सभेचं आमंत्रण मात्र अगदी परवापरवापर्यंत घरी येऊन, अक्षता देऊन दिलं जायचं. ते द्यायला उमाठे काका यायचे.

आम्ही पुण्याहून बदलीवर भोपाळला आलो त्याच आठवड्यात बेल वाजली. दारात इस्त्रीचा पांढरा सदरा घातलेले, उंच, जरा वाकलेले गृहस्थ उभे. हातात पितळेची वाटी, वाटीत कुंकवाचे तांदूळ. माझ्या तळहातावर त्यांनी चार दाणे ठेवले आणि म्हणाले, "रविवारी अकरा वाजता सामुदायिक भवनात यायचं हं ताई. दोघांनी यायचं."

मी मनातल्या मनात आहेराचं पाकीट शोधू लागले. "अरे वा, कोणाचं लग्न?"

"नालीचं आहे जी," ते शांतपणे म्हणाले. "झाकायची का उघडी ठेवायची, निगमवाले विचारून राहिले. तुमचं मत लागते."

मी हसले. ते हसले नाहीत. चेष्टा नव्हती ती. उमाठे मूळचे अमरावतीकडचे. सारं आयुष्य इथल्या मोठ्या कारखान्यात टर्बाईनच्या विभागात गेलं. निवृत्त झाल्यावर लोक देवळाच्या कमिटीवर जातात नाहीतर शेअरबाजारात पडतात. यांनी लोकांची मतं गोळा करायचा नाद धरला. निगमने कसल्याही कामासाठी 'सुझाव आणि आपत्ती' मागवल्या, म्हणजे सूचना नि हरकती, की वाटी घेऊन हे निघालेच. कागदाचं आमंत्रण लोक रद्दीत टाकतात, पण अक्षता टाकायला हात धजत नाही, असं त्यांचं म्हणणं. हात धजत नव्हता हे खरं. पाय निघत नव्हते, हेही खरं.

सभेला कोणी जायचं नाही. कारणं मात्र प्रत्येकाकडे तयार असायची. आमच्या शेजारच्या तिवारीजींचं सगळ्यात मधाळ. "अंकल, आप जा ही रहे हैं, हमारी तरफ से भी बोल देना."

"तिवारीजी, हम खाएँगे तो आपका पेट भरेगा क्या?" काका विचारायचे.

तिवारीजी मनापासून हसायचे, काकांच्या पाठीवर हात ठेवायचे आणि आत जाऊन क्रिकेट बघायचे.

मग काका एकटेच जायचे. सामुदायिक भवनात पहिल्या रांगेत बसायचे. समोर निगमचे दोघे, एक माइकवाला आणि रिकाम्या खुर्च्या. एकदा अशा सभेचा अहवाल छापून आला, त्यात 'रहिवाशांशी विस्तृत चर्चा झाली' असं होतं. मी काकांना दाखवला. त्यांनी चष्मा काढून वाचला. "बरोबर आहे ना जी. एकटाच होतो, पण विस्तृत होतो."

सभेत बोलायचं कसं याचेही त्यांचे नियम होते. सगळ्यात कडक नियम 'माझं' न म्हणण्याचा. कोणी चुकून सभेला आलंच आणि माझं गेट, माझी गाडी, माझ्या घरासमोरचा खांब असं सुरू झालं, की काका मध्येच थांबवायचे. "खाजगी गाऱ्हाणं घरी ठेवा. इथं आपलं म्हणायचं." ते माणूस पुढच्या वेळी यायचं नाही. काकांना याचं वाईट वाटायचं, पण नियम काही सैल व्हायचा नाही.

त्यांच्या घरी दोघंच. ते आणि उमाठे काकू. मुलगा दूर कुठेतरी, फोनवर असायचा. काकू ठेंगण्या, गोऱ्या, सदा हसऱ्या. रोज संध्याकाळी कॉलनीतल्या बागेत फिरायला जायच्या, एकट्या. मी कधी त्यांच्याकडे गेले तर चहा द्यायच्या, आणि तो संपला की "चहा टाकू का?" विचारायच्या. काका म्हणायचे, "टाक ना, ताई आताच तर आल्या." मी दुसरा चहा प्यायची. वय झालं की होतं असं थोडंफार, असं मी धरून चालले होते.

मग बागेच्या गेटवर नोटीस लागली. बाग काढून तिथे गाड्यांसाठी मोठं पार्किंग आणि रस्त्याच्या बाजूने दुकानं होणार होती. बाग म्हणजे तरी काय होतं? एक मोडका झोका, धुळीने भरलेली मेंदी, चालायची फरशी आणि कडेने कडुलिंब. पण काका जे उठले, ते मी कधी पाहिलं नव्हतं असे उठले. सकाळी वाटी, संध्याकाळी वाटी. एकेका घरी दोन-दोनदा. पहिल्या सभेला तरीही कोणी आलं नाही. निगमचे साहेब सज्जन. म्हणाले, "अंकलजी, आपके कहने पर एक बार और रख लेते हैं."

काका घरी परतताना तिवारीजींनी गेटवरूनच सल्ला दिला. "अंकल, अक्षत से कौन आता है? पोहा-जलेबी रखवाओ. पूरी कॉलोनी आएगी."

काकांना हे फार लागलं. पोहे खाऊन दिलेलं मत हे मत नव्हे, असं ते मला म्हणाले. दोन दिवस घराबाहेर पडले नाहीत. तिसऱ्या दिवशी स्वतःच नाक्यावरच्या हलवायाकडे जाऊन सांगून आले.

आणि कॉलनी लोटली. सामुदायिक भवनात पाय ठेवायला जागा नव्हती. ज्यांना कधी पाहिलं नव्हतं असे लोक सहकुटुंब आले. आम्हीही दोघं गेलो. काका दारात उभे राहून एकेकाला हात जोडत होते. चेहऱ्यावर अशी तकाकी की खरंच मुलीचं लग्न असावं. काकूंनाही त्यांनी आणलं होतं. त्या मागच्या रांगेत माझ्याजवळ बसल्या, जरीकाठी साडी नेसून, हातात जिलबी धरून.

साहेबांनी पडद्यावर रंगीत चित्रं दाखवली. चकचकीत इमारत, कुंडीत झाडं, हसऱ्या बायका. कोणीतरी तोंडातला घास सावरत विचारलं, "हर घर को गाड़ी की जगह मिलेगी?"

"बिल्कुल."

टाळ्या पडल्या. काका उठले. पाणी जमिनीत मुरायची ही एकच जागा उरली आहे, कडुलिंब जुने आहेत, म्हातारी माणसं मोठा रस्ता ओलांडून दुसऱ्या बागेत जाऊ शकणार नाहीत, असं सगळं नीट मांडलं. लोक ऐकत होते की पोहे खात होते, सांगणं कठीण. साहेबांनी मान डोलावली.

"आपका पॉइंट नोट कर लिया, अंकलजी. पर एक बात बताइए. आपको पर्सनली क्या दिक्कत है? गाड़ी तो आपके पास है नहीं."

सभा हसली. तिवारीजी सगळ्यात जोरात.

काका उभेच राहिले. काहीतरी बोलायला तोंड उघडलं, मग मागे वळले आणि आमच्या रांगेकडे पाहिलं. मला वाटलं, ते आमच्यापैकी कोणी उठतंय का बघतायत. कोणी उठलं नाही. मीही नाही.

"पर्सनली कुछ नहीं," ते म्हणाले आणि बसले.

दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो आला. भवन खचाखच भरलेलं, कितीतरी हात वर. खाली लिहिलं होतं, योजनेला रहिवाशांचा एकमुखी पाठिंबा. ते हात दुसऱ्या जिलबीसाठी वर झाले होते. वाढपी आमच्या बाजूला उशिरा पोचला होता, मला पक्कं आठवतं.

महिन्याभरात बागेभोवती निळे पत्रे उभे राहिले. झाडं गेली. एक प्रचंड खड्डा खणला गेला आणि मग कंत्राटदाराचं नि निगमचं काहीतरी फाटलं. खड्ड्यात पाणी साचलं, डास झाले. गाड्या होत्या तिथेच, रस्त्यावर, आता पत्र्यांमुळे आणखी दाटीने. लोक चिडले आणि चिडायला माणूस हाताशी होताच. तिवारीजी भर रस्त्यात म्हणाले, "मीटिंग तो उमाठेजी ने ही भरवाई थी. हम तो इनके बुलाने पे गए थे." ज्यांनी दोनदा पोहे मागून घेतले होते त्यांनीही मान हलवली. काका समोरच होते.

एका संध्याकाळी मी भाजी घेऊन येत होते. पत्र्यांपाशी काकू उभ्या होत्या. पत्र्यावरून हात फिरवत थोड्या पुढे जायच्या, थांबायच्या, परत मागे यायच्या. गेट शोधत होत्या. काका चार पावलं मागे उभे होते, त्यांना न अडवता.

मी जवळ गेले. त्यांनी आवाज खाली आणला. "रोजचं आहे हे. दमली की येते मग."

"काका, काकूंना..."

"हो. दोन वर्षं झाली. डॉक्टरनं सांगितलं होतं, बाकी काही करू नका, तिची रोजची वाट मोडू नका. घरात तिला मोरी सापडेना झाली होती जी, पण बाग सापडायची. गेटातून निघायची, सरळ जायची, चक्कर मारायची, सरळ घरी यायची. तेवढा एक तास ती पहिलेसारखी राहायची."

मला राग आला. कोणाचा ते कळेना, म्हणून त्यांच्यावरच काढला. "हे तुम्ही सभेत का नाही सांगितलं? साहेबांनी विचारलं होतं तुम्हाला. हे सांगितलं असतं तर लोकांनी ऐकलं असतं."

काका काकूंकडे पाहत होते. काकू पत्र्याच्या फटीला डोळा लावून आत बघत होत्या.

"सांगणारच होतो. म्हटलं, जाऊ दे तो नियम. अन् मागे पाहिलं. ती नवी साडी नेसून सगळ्यांकडे पाहून हसून राहिली होती. सकाळपासून विचारत होती, नवरी कोण आहे म्हणून. एवढ्या लोकांसमोर सांगायचं, का हिचं डोकं गेलं? तिला अजून समजते ताई. तेवढं समजते."

पुढे जाऊन त्यांनी काकूंचा हात धरला. "चाला. आज बंद आहे."

"उद्या उघडते का?" काकूंनी विचारलं.

"पाहू ना."

थंडीत निगमने पुन्हा नोटीस काढली. खड्ड्याचं काय करावं, यावर रहिवाशांच्या सूचना मागवल्या होत्या. मी वाट पाहिली, काका आले नाहीत. कॉलनीत कोणाच्या ते लक्षातही आलं नाही. शनिवारी दुपारी मीच त्यांच्याकडे गेले.

दार काकूंनी उघडलं. आता चांगल्याच वाळल्या होत्या, हसू मात्र तेच. "या ना. कोण पाहिजे?"

"काका आहेत का?"

"नाहीत जी. हे बाहेर गेले आहेत. येतीलच इतक्यात." त्यांनी मला आत घेतलं आणि सोफ्याच्या टोकाकडे बोट दाखवलं. "हे पण केव्हाचे थांबले आहेत बिचारे, यांच्यासाठी."

सोफ्याच्या टोकाला उमाठे काका बसले होते. मांडीवर ताट, ताटात मटार. त्यांनी माझ्याकडे पाहिलं, ताट थोडं सरकवून जागा केली आणि म्हणाले, "बसा ताई. मी पण त्यांचीच वाट पाहून राहिलो."

मी बसले. सभेचं बोलायला आले होते, ते सोडून ताटातले मटार सोलू लागले. काकूंनी आतून पाणी आणलं, दोन ग्लास. पहिला काकांपुढे धरला. "घ्या ना, संकोच करू नका."

"नाही, संकोच कशाचा," काका म्हणाले. परक्या घरी पितात तसं, दोन्ही हातांनी ग्लास धरून, ते हळूहळू पाणी प्यायले.