निजलेल्या जमिनीचे तेल

पेठ तालुक्यातल्या आंबेपाणी गावात सन २००४ च्या उन्हाळ्यात एक गंभीर बाब उघडकीस आली. फुलाबाईची जमीन काहीच करत नव्हती. हरित इंधन मंडळाचे प्रकल्प अधिकारी खैरनार यांनी जीपमधून न उतरताच ती पडीक ठरवली.

"पडीक नाय, साहेब," फुलाबाई म्हणाली. "नागली देऊन दमलीय ती. औंदा निजवली हाय. पुढल्या साली परत पेरू. आमची भाकर तिच्यावरच हाय."

"शासनदरबारी जमीन एकतर कामावर असते, नाहीतर पडीक. जमिनीला रजा लागू नाही."

तिथे मोगली एरंड लागला. त्याच्या बियांच्या तेलावर गाड्या धावणार होत्या.

"ह्याला शेळीबी तोंड लावत नाय!"

"हाच तर त्याचा गुण," साहेब म्हणाले आणि एरंडाशेजारी उभे राहून फोटो काढून घेतला.

एरंडाला बी धरेपर्यंत फुलाबाईच्या कणगीतली नागली संपली. मंडळ तत्पर होते. त्याने नाशिकहून गव्हाचा ट्रक सुरू केला, अर्थात आंबेपाणीच्याच तेलावर. घाट चढताना ट्रक इतके तेल प्यायचा, की गहू उतरेपर्यंत गावाचे तेल संपलेले असे. म्हणून शेजारच्या वाल्मीकचे शेत एरंडाखाली घेतले. मग वाल्मीकलाही गहू लागला, फेऱ्या वाढल्या, तेल कमी पडले आणि सहादूची भाताची खाचरे गेली. शेवटी शाळेचे मैदानही गेले. सुट्टीत तेही नुसतेच पडून असायचे.

"साहेब, नागलीच पेरू दिली असती तर?" फुलाबाईने विचारले.

"मग ट्रक कशाला लागला असता?" तिच्या अज्ञानाची साहेबांना कीव आली.

ट्रक रिकामा परतणे हा मात्र इंधनाचा अपव्यय होता. म्हणून परतीच्या फेरीत मंडळाने माणसे भरली. आता फुलाबाई रोज सकाळी नाशिकच्या पेठ नाक्यावर मजुरीसाठी उभी असते. वाईट याचे वाटते, की ती तिथे कोणाला नवीन वाटत नाही.

परवा तिथे आपणच गाडी थांबवली होती, वाचकहो. गंगापूर रोडवरच्या आपल्या प्लॉटवर गवत फार माजले होते.

"ह्यात काय पेरता?" प्लॉटवर उतरताच फुलाबाईने विचारले.

"पेरायचे कशाला? भाव वाढेपर्यंत असाच ठेवायचा."

तिने चहूकडे पाहिले. "मग एरंडवाले साहेब अजून इकडं आले नाय?"

"ते बघ, तिकडच्या कोपऱ्यापासून सुरू कर," आपण म्हणालो. "आणि गवत मुळापासून काढ."