डावीकडच्यांशी बोलायचं नाही

"राज्यशास्त्रात शास्त्र कुठं असतं हो?" असं कुणी विचारलं की प्राध्यापकांचं डोकं फिरायचं. ते कॉलेजात राज्यशास्त्र शिकवत आणि रसायनवाले सहकारी त्यांना रोज हाच प्रश्न विचारत. त्यामुळे बायको इमारतीच्या अध्यक्षपदाला उभी राहते म्हणाली, तेव्हा त्यांना प्रयोगशाळाच घरी चालून आल्यासारखं वाटलं.

बायकोचं कारण साधं होतं. लिफ्ट बंद पडली होती आणि मिशीवाले अध्यक्ष नुसते "बघू, बघू" करत होते. चौथ्या मजल्यावर समोरच्याच घरात राहणाऱ्या सासूबाईंचे गुडघे गेलेले. कित्येक महिने त्या खाली उतरल्या नव्हत्या.

"मी दारोदार जाऊन सांगते," बायको म्हणाली.

"थांब! जिन्याच्या उजवीकडच्यांकडेच जायचं. हसायचं, चौकशी करायची. डावीकडच्यांशी अवाक्षर बोलायचं नाही. म्हणजे बोलण्यानं मतं किती वाढतात ते सिद्ध होईल."

"अहो, डावीकडे आई राहतात!"

"प्रयोगात आई-बिई काही नसतं."

"आणि मी पडले तर?"

"शास्त्र एका निवडणुकीचा विचार करत नसतं."

बायकोनं कपाळावर हात मारला. पण एवढा शिकलेला नवरा कधी नव्हे तो कामाला येतोय म्हटल्यावर बिचारी तयार झाली.

उजवीकडचे चक्रावले. एरवी कामापुरतं बोलणारी बाई एकदम त्यांच्या दाढदुखीची चौकशी करू लागली, तेव्हा हिच्या मनात काहीतरी काळंबेरं आहे अशी त्यांची खात्रीच झाली. डावीकडे तर आगच लागली. शिंपीणबाईंनी जिन्यात हाक मारली, तर ही मान खाली घालून सटकली. सासूबाईंचा डबा दारात ठेवून, बेल वाजवून चक्क पळाली. सुनेनं बोलणं टाकलं, ही बातमी दुपारपर्यंत तळमजल्यावर पोचली.

"अहो, आईंनी रडून डोळे सुजवलेत!"

"उत्तम! परिणाम दिसायला लागला."

निवडणुकीची सभा खाली गाड्यांच्या जागेत भरली. हात वर करून मतदान. सुरुवातीलाच शिंपीणबाई फोन उंचावून उठल्या. "आमचा उमेदवार वेगळा. चौथ्या मजल्यावरच्या आजी!"

फोनमधून आवाज आला, "उभी आहे मी. म्हणजे बसलेलीच आहे, पण उभी आहे."

डावीकडचे हात झरझर वर गेले. पाठोपाठ उजवीकडचे. मिशीवाल्यांच्या बायकोनंही त्यांची नजर चुकवून हात वर केला. शेवटी सुनेचा हात गेला.

"अगं, स्वतःच्याच विरुद्ध? प्रयोग बिघडवलास!" निरीक्षक म्हणून हाताची घडी घालून बसलेले प्राध्यापक ओरडले.

"बिघडू दे मेला! मला लिफ्ट हवीय." तिनं फोन हिसकावला. "आई, मी बोलत नव्हते ते यांच्या शास्त्रापायी हो."

"कळलं गं. आधी रडले, मग डबा उघडला. रुसलेल्या बाईच्या हातची भाजी इतकी चांगली होत नाही. बरं, आता सगळ्यांना वर पाठव."

"वर?"

"अध्यक्षांना खाली येता येत नाही. यापुढे सगळ्या सभा माझ्याकडे. पहिली आत्ताच."

सगळी इमारत धापा टाकत चौथा मजला चढली. मिशीवाले सर्वांत शेवटी, कठड्याला लोंबकळत पोचले. "लिफ्ट... उद्याच्या उद्या... माझा ठराव..." एवढंच त्यांना बोलता आलं. ठराव एकमतानं मंजूर झाला.

"पण आई, हे कुठल्याच सिद्धांतात बसत नाही!" प्राध्यापक कळवळून म्हणाले.

सासूबाईंनी सुनेला ओढून शेजारी बसवलं. "नाही बसत तर नाही रे. शास्त्र तू सांभाळ. राज्य आम्ही दोघी बघतो."