साडेतीन पंगती भोरड्या

आमच्या शेजारचे मल्लिनाथअप्पा संध्याकाळी पाखरं बसल्याशिवाय जेवत नाहीत. उपास नाही, नवस नाही, डॉक्टरांनी सांगितलेलं पथ्यही नाही. उन्हं कलली की अप्पा खांद्यावर पंचा टाकून धरणाच्या पाण्याकडं निघतात. काठावरच्या दगडावर पंचा अंथरून बसतात आणि समोरच्या बाभळीच्या बनात शेवटचं पाखरू टेकेपर्यंत उठत नाहीत. मग घरी येऊन हातपाय धुतात आणि गॅस पेटवतात. त्याआधी समोर पंचपक्वान्नाचं ताट आलं तरी ते त्याला हात लावणार नाहीत.

मी नळदुर्गातल्या एका शाळेत भूगोल शिकवते. बदली होऊन आले तेव्हा अप्पांच्या भिंतीला भिंत लावून असलेली खोली मला भाड्यानं मिळाली. टेम्पोतून सामान उतरवत होते, तेवढ्यात पलीकडच्या ओट्यावरून आवाज आला, "ऊटा आयता?" माझा कोरा चेहरा बघून त्यांनीच त्याचं मराठी करून टाकलं, "जेवण झालं का, बाई?" तेव्हा लोकांचा सकाळचा चहासुद्धा व्हायचा होता. मी नाही म्हटल्यावर मात्र अप्पांचा चेहरा असा काही पडला, की मलाच अपराधी वाटायला लागलं. पुढं लक्षात आलं, की हा प्रश्न ते सगळ्यांनाच विचारतात. वीजबिल घेऊन आलेल्या माणसाला, दारात थांबलेल्या म्हशीला आणि एकदा तर चुकीचा नंबर लागून फोन आलेल्या कोणा अनोळखी बाईलाही त्यांनी विचारलं. ती बाई बराच वेळ बोलत होती.

अप्पा जन्मभर आचारी. नळदुर्गपासून पार अक्कलकोटच्या पुढपर्यंत त्यांनी लग्नं, बारशी, जावळं जेवू घातली. मांडवाच्या दारात उभं राहून एक नजर टाकायची आणि सांगायचं, "भात अजून एक पातेलं चढवा." त्या नजरेला ते 'अंदाज' म्हणतात आणि हा शब्द उच्चारताना आवाज जरा खाली आणतात. हायवेवरच्या ढाब्यांबद्दल त्यांचं मत वाईट आहे. "तिथं मेनूकार्ड असतंय बाई, अंदाज नसतोय."

या अंदाजाची एकच अडचण आहे. तो लहान होत नाही. मी एकदा त्यांना कटाची आमटी कशी करायची विचारलं, तर म्हणाले, "शंभर मानसांची सांगतो, तुमी भागून घ्या." मी भूगोलाची. भागाकार केला, आमटी केली आणि तिखटानं दोन दिवस नुसतं पाणी पीत होते. स्वतःसाठी पिठलं करायला बसले तरी अप्पांच्या हातून अर्ध्या गल्लीचं होतं. मग डबे निघतात. आमच्या गल्लीत पाहुणा अचानक आला म्हणून कोणी घाबरल्याचं मी पाहिलेलं नाही.

पाखरांकडंही ते आचाऱ्याच्याच नजरेनं बघतात. थंडीच्या तोंडावर, ज्वारी निसवायला, कणसं बाहेर पडायला लागली की आमच्याकडं भोरड्या येतात. गुलाबी अंगाच्या, काळ्या डोक्याच्या, साळुंकीएवढ्या. दिवसभर शिवारात कणसं टिपायची, शेतकऱ्यांच्या शिव्या खायच्या आणि संध्याकाळी बनात मुक्कामाला यायचं. अप्पांच्या लेखी ही वरपक्षाची मंडळी. झुंडीनं येणार, कलकलाट करणार, बसल्या जागेवरून तीनदा उठणार. बगळे मुलीकडचे. स्वच्छ कपड्यात, गुमान, मिळेल त्या फांदीवर. पाणकावळे पंख पसरून अंग वाळवत बसतात म्हणून अप्पा त्यांना घामेजलेले वाढपी म्हणतात. कावळ्यांना कोणी आमंत्रण दिलं होतं हे त्यांना अजून कळलेलं नाही.

आणि ते पाखरं मोजतात. पण एक, दोन, तीन असं नाही. जेवणाऱ्या माणसाला मोजू नये, नजर लागते, ही त्यांच्या धंद्यातली शिस्त. "मानसं मोजायची न्हाईत. पंगती मोजायच्या." एकदा सोलापूरहून पक्षी बघणारी चारदोन तरुण मंडळी आली होती. गळ्यात दुर्बिणी, हातात कॅमेरे. त्यांनी विचारलं, "आजोबा, साधारण किती असतील?"

अप्पा म्हणाले, "साडेतीन पंगती."

"एका पंगतीत किती?"

"बसतील तेवढे."

त्यातल्या एकानं ते मोबाईलमध्ये टिपूनसुद्धा घेतलं. त्याचं पुढं काय केलं असेल, याचा विचार करून मी अधूनमधून एकटीच हसते.

पाखरं तिथं जेवायला नाही, झोपायला येतात, हे मी त्यांना शास्त्रशुद्ध सांगून पाहिलं. अप्पांनी शांतपणे ऐकून घेतलं. "दिसभर जो तो आपापलं टिपून आलाय, खरं हाय. पन एकाला एक लागून बसायला हितंच येत्यात न्हवं? मग ती पंगतच की, बाई."

हळूहळू मीही त्यांच्यासोबत जायला लागले. शाळा सुटल्यावर घरी जाऊन करायचं काय असतं? गॅसजवळ उभ्या-उभ्या, एका हातात मोबाईल धरून चार घास गिळायचे. त्यापेक्षा तो दगड बरा होता. पाण्यावरचा उजेड विझत जायचा. पलीकडच्या रस्त्यावरचे ट्रक दिवे लावून आवाजाविना सरकताना दिसायचे. आणि मग क्षितिजाकडून धुरासारखं काहीतरी उठायचं. तो धूर वळायचा, दाटायचा, पातळ व्हायचा, सगळ्या आभाळभर सांडून पुन्हा गोळा व्हायचा. आमच्या डोक्यावरून जाताना हजारो पंखांचा एकच सुस्कारा ऐकू यायचा. अशा वेळी आपण जागे आहोत की डोळे मिटून पडलो आहोत, हे मला नक्की सांगता आलं नसतं. अप्पा मात्र कामावर असायचे. "बसली. न्हाय, उठली परत. बसा की रं बाबांनो, आमटी निवायली." आणि सगळं बन एकदाचं शांत झालं, की पंचा झटकून म्हणायचे, "चला. झाली मंडळी."

हे सगळं गमतीचं होतं, पण वर्षभर पुरणारं नव्हतं. चैत्र आला की भोरड्या उत्तरेकडं निघून जातात आणि पाणी आटलं की बगळेही दुसरा पाणवठा धरतात. गेल्या वर्षी बन रिकामं झालं आणि अप्पांचं जेवण सुटलं. हट्ट म्हणून नव्हे, त्यांना घास जाईनाच. गल्लीत त्यांचे डबे नेहमीसारखे येत होते, म्हणून कोणाच्या लक्षातही आलं नाही. अप्पा ओट्यावरच घेरी येऊन पडले, तेव्हा सलाईन लावावं लागलं आणि पुढं बगळे परतेपर्यंत पेजेवर दिवस काढावे लागले. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "या वयात पुन्हा असं झालं तर अवघड आहे." त्यामुळं यंदा फाल्गुन सरला तशी मी एकही संध्याकाळ चुकवली नाही. अप्पा बनाकडं बघायचे आणि मी अप्पांकडं.

रोज पंगत आखूड होत गेली. तीन, दोन, मग एकच. एका संध्याकाळी आम्ही बसलो आणि क्षितिजावरून काहीच उठलं नाही. आभाळ धुऊन ठेवलेल्या परातीसारखं स्वच्छ होतं. पाणी काळं झालं, बन काळं झालं, तरी अप्पा तसेच बसून होते.

"तुमी जावा, बाई," शेवटी ते म्हणाले. "जेवून घ्या."

"कुठलं जेवण, अप्पा? माझा सिलिंडर संपलाय. सकाळपासून पोटात काही नाही." मी बेधडक खोटं बोलले.

अप्पा ताडकन उठले. "आदी सांगायचं न्हाय का!"

त्या घाईनं ते मागच्या कित्येक दिवसांत चालले नव्हते. घरी येऊन त्यांनी कांदा चिरला, पीठ कालवलं, भाकरी थापल्या. पिठलं अर्थातच अर्ध्या गल्लीचं झालं. मला पाटावर बसवून ते पळी घेऊन समोर उभे राहिले. मी जेवत होते आणि ते माझ्या ताटाकडं बघत होते. भाकरीचा तुकडा संपायच्या आत दुसरा पडत होता.

"लक्ष्मी जेवायची न्हाय माझ्याबिगर," ते एकदम म्हणाले. लक्ष्मी म्हणजे त्यांची बायको. माझ्या येण्याआधीच गेलेली. "म्या लग्नाचं आटपून यायचो, कवाबी. ती भाकरी झाकून तशीच बसल्याली. म्या रागवायचो. म्हनायचो, मला तिथं कमी हाय व्हय? तू घे की जेवून. ती नुसती हसायची." पळी हातातच होती. "गावाला जेव-जेव करत फिरलो. घरचं मानूस रोज उपाशी बसत होतं, त्याचा अंदाज न्हाय आला, बाई. आता कुनीतरी, पाखरं का हुईनात, आदी पंगतीला बसल्यालं दिसल्याबिगर घास उतरत न्हाय."

डोळे भरून आले होते. मी भराभर जेवून हात धुतले आणि त्यांच्या हातातली पळी काढून घेतली.

"माझं झालं, अप्पा. पोट भरलं. आता बसा तुम्ही."

"म्या?" ते गोंधळून पाटाकडं बघायला लागले. "म्या वाढून घेतो की."

"बसा म्हणते ना."

ते बसले. इतक्या पंगती उठवलेला माणूस, पण मांडी कशी घालायची हेच विसरल्यासारखा अवघडून बसला. मी पिठलं वाढलं, भाकरी मोडून दिली. पहिला घास त्यांनी बराच वेळ तोंडात घोळवला. मग तो उतरला. दुसरा जरा लवकर उतरला. मी समोर उभी राहून बघत होते.

"अजून थोडं, अप्पा."

आपल्याकडं आग्रह झाला की माणूस ताटावर हात आडवा धरतो. नको, पुरे, अगदी पुरे म्हणतो. खरी भूक असली तरी एकदा तरी म्हणतोच.

अप्पांनी दोन्ही हातांनी ताट उचललं आणि माझ्यापुढं धरलं.