तुम्ही व्हा पुढे

शिरीष दामले आजवर कुठल्याही दारातून माझ्या आधी आत गेलेला नाही. सिंगापुरातल्या आमच्या पुंगोलच्या ब्लॉकची लिफ्ट आली की हा बटण दाबून उभा. आजीबाईंना आत घेतो, बाबागाड्या घेतो, कुणाच्या भाजीच्या पिशव्या घेतो आणि लिफ्ट भरली की बाहेरूनच हात हलवतो. "तुम्ही व्हा पुढे, मी आहे मागे." पुढच्या लिफ्टलाही तेच. भलाचांगला बँकेत अकाउंट्स बघणारा माणूस, पण खालून वर यायला त्याला अर्धी संध्याकाळ लागते.

आधी मला वाटलं, सौजन्य असेल. मग वाटलं, नुसता वेंधळेपणा. मंडळाच्या गणपतीत जेवणाच्या रांगेत हा शेवटी, त्यामुळे त्याच्या ताटात भात, लिंबाची फोड आणि मोडलेला पापड. वर म्हणणार, "मसालेभात झकास होता म्हणे." एकदा वृंदावहिनी मुलीला घेऊन आंग मो किओला उतरल्या आणि हा मागच्याच स्टेशनवर, कुणालातरी गाडीत चढवत राहिलेला. वहिनी म्हणतात, "अहो, सप्तपदीलासुद्धा हा माझ्या मागे. भटजींनी उपरण्याला धरून पुढे ओढला."

सगळ्यात वैताग त्याच्या मुलीला, सईला. ती सेकंडरीत आहे. मराठी सगळी समजते, पण तोंडातून येतं ते इथलं इंग्लिश. बाप मागे रेंगाळला की ही तरातरा पुढे जाते आणि म्हणते, "बाबा, सो पाइसे लाह." मला बरेच दिवस वाटायचं, पोरगी सारखी पैसे मागते आणि हा चिक्कू देत नाही. नंतर कळलं, इथल्या बोलीत पाइसे म्हणजे लाज वाटणं.

तर मागच्या रविवारी आम्ही तीन कुटुंबं, मिळून बारा जण, सहलीला गेलो. सकाळी चांगीचा जुना तोफखाना, मग बमबोटीने, म्हणजे छोट्या मोटारबोटीने, पुलाउ उबीन बेटावर जाऊन जुन्या वस्तीतली लाकडी घरं बघायची. मुलांना किल्ला दाखवायचा हट्ट माझाच. किल्ला म्हणजे निघाली एक तोफ आणि भोवती कापलेलं गवत. "अंकल, व्हेअर द फोर्ट?" असं सईने विचारल्यावर मी आधारासाठी दामलेकडे वळलो, तर हा पार मागे, एका अनोळखी आजोबांना सावलीतला बाक दाखवत होता.

उबीनला एका जुन्या घराच्या पायरीवर बसून आम्ही शहाळी पीत होतो, तेव्हा मी शेवटी विचारलंच. "दामल्या, तू सारखा मागे का असतोस, एकदाचं सांगून टाक."

"अरे, पाचवीत आमची सहल लोहगडावर गेली होती," तो म्हणाला. "उतरताना चपलेचा अंगठा तुटला म्हणून मी जरा मागे पडलो. खाली येतो तर एसटी गेलेली."

"मास्तरांनी मुलं मोजली नाहीत?"

"मोजली की. बरोबर भरली. दुसऱ्या शाळेचा एक मुलगा चुकून आमच्या गाडीत बसला होता."

आम्ही हसून हसून बेजार झालो. दामलेही हसला. "तेव्हापासून माझा मोजण्यावर विश्वास नाही. आपण मागून चालावं, म्हणजे सगळे दिसतात." अकाउंट्सच्या माणसाने हे बोलावं, यावर आम्ही पुन्हा हसलो.

सई तेवढी हसली नाही. "देन हू केम बॅक फॉर यू?"

"कोणी नाही गं. चहाच्या टपरीवर झोपलो. सकाळी तुझे आजोबा आले."

परतताना जेटीवर ही गर्दी. बमबोटीत बारा माणसं झाली की बोट सुटते, एकही जास्त घेत नाहीत. दामले नेहमीप्रमाणे काठावर उभा राहून एकेकाला आत घालत होता. आत बसल्यावर मी डोकी मोजली. बारा. बोटवाल्यानेही मोजली, आणि बोट सुटली. इंजिनाच्या धडधडीत कुणाला कुणाचं ऐकू येत नव्हतं. वहिनी पुढच्या टोकाला बायकांत बसल्या होत्या, आणि दामले मागे असणार हे तर ठरलेलंच.

चांगीला उतरलो, तर आमच्या बारांतल्या एक बाई फणसाची पिशवी उचलून निरोपही न घेता चालू लागल्या. त्यांच्यामागोमाग एक दाढीवाला सायकल घेऊन निघाला. मी पुन्हा मोजलं. दहा. वहिनींचा चेहरा पांढराफटक पडला. शिरीष नव्हता, आणि सईही नव्हती.

मी फोन लावला. "दामल्या, कुठे आहेस?"

"उबीनलाच. बारा भरले ना रे."

"आणि सई?"

"आहे ना. किती सांगितलं, तू हो पुढे. ऐकेचना. माझ्या मागे येऊन उभी राहिली. म्हणते, बाबा, बिहाइंड यू हू?"

गणपतीत, लिफ्टपाशी, स्टेशनवर इतकी वर्षं तो आमच्या मागे उभा होता, आणि मागे वळून बघावं असं आमच्यातल्या एकालाही वाटलं नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

पुढची बोट लागली. दामले सवयीने आतच बाजूला सरून उभा राहिला आणि सगळ्यांना वाट देऊ लागला. माणसं उतरली. शेवटी दोघंच उरले, तेव्हा सईने त्याच्या पाठीला हात लावून त्याला ढकललं.

"बाबा, तू हो पुढे. मी आहे मागे."

तिच्या तोंडून अख्खं मराठी वाक्य मी पहिल्यांदाच ऐकलं. दामले उतरला आणि एकदाही मागे वळून न बघता आमच्याकडे चालत आला. डोळे मात्र पुसत होता.