पिंजरा रिकामा कसा द्यायचा

पुंजाजीने खुंटीवरची टोपी डोक्यावर चढवली, वांग्यांची डाल उचलली आणि संग्रामपूरच्या बाजाराला जायला तो उंबऱ्याबाहेर पाय टाकणार, तेवढ्यात मागून शालूबाई म्हणाली, "थांबा जरा. टोपीतून टक्कल दिसून राह्यलं."

पुंजाजीने टोपी काढून पाहिली. बरोबर मधोमध पुरीएवढं भोक पडलं होतं. टोपी साधीसुधी नव्हती. महाराष्ट्र राज्य झालं त्या दिवशी जळगाव जामोदला झेंडावंदनाला जायचं म्हणून त्याने ती घेतली होती, आणि तीन वर्षं तिला डोक्यापेक्षा जास्त जपलं होतं.

"बांड्याचं काम," शालूबाई म्हणाली.

बांडा म्हणजे घरातला उंदीर. त्याची शेपटी अर्धीच होती, म्हणून हे नाव. गेल्या आठ दिवसांत त्याने अंगाचा साबण खाल्ला, देवाच्या वाती पळवल्या आणि आढ्याला टांगलेल्या बियाण्याच्या भोपळ्यालाही दात लावून पाहिले. माळी माणूस घरचा साबण गेला तर चालवून घेतो, पण बियाण्याला तोंड लागलं की त्याची झोप जाते.

"पिंजरा आन कोनाचा तरी," पुंजाजी म्हणाला आणि डोक्याला पंचा गुंडाळून बाजाराला निघून गेला.

सांगणं सोपं होतं. आळीत पिंजरा एकच, तो शेजारच्या अंबूबाईचा. आणि अंबूबाई गेले अकरा महिने शालूबाईशी बोलत नव्हती.

का बोलत नव्हती, हे शालूबाईला माहीत नव्हतं. तिने आपल्या मनाशी बकरीवर संशय धरला होता. अंबूबाईच्या बकरीने तिच्या मेथीच्या वाफ्यात तोंड घातलं तेव्हा तिने बकरीला एक काडी मारली होती. काडी तुरीची होती आणि लागलीही नव्हती, पण माणसाचं मन कशावरून मोडेल सांगता येत नाही. त्याआधी दोघींचं असं होतं की एकीच्या चुलीवरची भाजी दुसरीने चाखल्याशिवाय उतरत नसे. दोन घरांमध्ये एक मातीची भिंत आणि पुढे एकच अंगण. अंबूबाई एकटी, दोन्ही लेकी लांब साखरखेर्ड्याकडे दिलेल्या. शालूबाईला सासू नाही, नणंद नाही. उन्हाळ्यात कुरडया करायच्या तर एकीने पातेलं धरायचं आणि दुसरीने चीक ढवळायचा. मागच्या उन्हाळ्यात दोघींनी आपापल्या घरी एकटीने चीक शिजवला आणि दोन्ही घरांत वर्षभर गाठीच्या कुरडया खाल्ल्या. शालूबाईला त्या गाठी घशात लागत, आणि दर वेळी अंबूबाईची आठवण येई.

तरीही अबोला तो अबोला. त्याचे म्हणून काही नियम असतात. शालूबाई अंगणात गेली आणि अंबूबाईच्या दाराशी बांधलेल्या बकरीसमोर उभी राहिली.

"बकरे," ती म्हणाली, "कोनाच्या घरी उंदराचा पिंजरा असन, तं दोन दिवस पाह्यजे होता."

अंबूबाई ओट्यावर डाळ पाखडत बसली होती. तिने मान वर केली नाही. "बकरे, सांग त्याइले, पिंजरा माळ्यावर आहे. पन मांगनाऱ्याले तोंड आहे, तं तोंडानं मांगावं."

लेकी बोले सुने लागे हे आपल्याकडे पूर्वीपासून चालत आलं आहे. पण लेकीला निदान त्यात रस असतो. बकरीने दोघींकडे एकेकदा पाहिलं, मान लांब केली आणि सुपातल्या डाळीचा मोठा घास उचलला. अंबूबाईने "हाड, हाड" करत सूप ओढलं, तशी उरलेली डाळ तिच्याच डोक्यावर उडाली. शालूबाईला हसू आवरेना. अंबूबाईने केसांतून एक दाणा काढला, त्याच्याकडे रागाने पाहिलं, आणि मग तीही हसली.

"मावशी, पिंजरा द्या ना."

"घे ना बाई. तुले नाई म्हनलं का म्या कधी?"

अकरा महिन्यांचा विषय दोघींपैकी कोणीच काढला नाही. दुखऱ्या जागेला बोट कोण लावणार? उलट शालूबाई पिंजरा घेऊन निघाली तेव्हा अंबूबाईच म्हणाली, "औंदा कुरडयाचे गहू एकातच भिजू घालू. माह्याकडं मोठा गंज आहे." शालूबाई घरी आली ती हवेत चालत आली.

दुसऱ्याच दिवशी दोन्ही घरचे गहू अंबूबाईच्या गंजात, म्हणजे मोठ्या पातेल्यात, एकत्र भिजत पडले. इकडे शालूबाईने पिंजरा लावला. आतल्या आकड्याला भाकरीचा तुकडा अडकवायचा, दार वर उचलून ठेवायचं, आणि उंदराने भाकर ओढली की दार धाडकन खाली यायचं, असा तो साधा पिंजरा. बांड्याने दोन दिवस त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी तो घरातच दिसेना. ना खुडबूड, ना लेंड्या.

"गेला असन पाव्हनपनाले," पुंजाजी म्हणाला. "देऊन टाक पिंजरा वापस."

इथे शालूबाईपुढे प्रश्न उभा राहिला. मागून आणलेलं भांडं रिकामं परत करू नये, ही रीत तिच्या आईने तिला परकरात असताना शिकवली होती. वाटी आणली तर चिमूटभर साखर, परात आणली तर गुळाचा खडा. पिंजऱ्याबद्दल मात्र आईने काही सांगितलं नव्हतं.

"पिंजरा काय भांडं आहे?" पुंजाजी म्हणाला.

"मांगून आनलं ते भांडंच. अकरा महिन्यानं पह्यली वस्तू आनली त्याइच्या घरची. रिकामी कशी देऊ?"

पुंजाजीला वावरात जायचं होतं. तो वाद न घालता गेला. शालूबाईने चांगला लिंबाएवढा गुळाचा खडा घेतला. नुसता ठेवला तर तारांमधून पडेल, म्हणून आपल्या जुन्या पिवळ्या लुगड्याची एक चिंधी फाडली, तीत खडा बांधला आणि पुरचुंडी आतल्या आकड्याला अडकवली. हात आत घालायला दार वर करावं लागलं होतं, ते वरच राहिलं. उंदीर धरायला लावलेला पिंजरा आणि मान राखायला भरलेला पिंजरा दिसायला सारखेच असतात, हे तिच्या डोक्यात आलं नाही. तुमच्या-माझ्याही आलं नसतं.

अंबूबाई डाळ दळायला गिरणीत गेली होती. शालूबाईने तिचं दार लोटलं, पिंजरा चुलीजवळ गव्हाच्या गंजाशेजारी हळूच ठेवला, दार ओढून घेतलं आणि समाधानाने घरी येऊन पाट्या-वरवंट्याला टाकी लावत बसली. गहू भिजायला घातल्याचा आज तिसरा दिवस होता. दुपारी गहू वाटायचे होते.

तासाभराने अंगणातून आवाज आला.

"बकरे," अंबूबाई म्हणत होती.

शालूबाईच्या हातातली टाकी थांबली. अंबूबाई बकरीशी बोलते आहे म्हणजे काय, हे तिच्याइतकं कोणाला कळणार?

"बकरे, पाह्य. आपून पिंजरा दिला, अन् लोकाइनं आपल्याले तो उंदरासकट वापस केला. आपल्या घरात नेऊन ठेवला, आपून नसताना."

शालूबाई धावतच बाहेर आली. ओट्यावर पिंजरा होता, पिंजऱ्यात उंदीर होता, आणि आकड्यावर रिकामी पिवळी चिंधी लोंबत होती.

"मावशी, देवाशपथ, म्या रिकामाच आनला. म्हंजे रिकामा नाई, गूळ होता त्याच्यात."

"गूळ कोनासाठी?"

"तुमच्यासाठी."

अंबूबाईने पिंजऱ्यात पाहिलं. उंदीर मिशा पुशीत होता. "उंदराच्या तोंडचा गूळ मले?" ती म्हणाली, आणि आपण चुकून थेट बोललो हे लक्षात येऊन पुन्हा बकरीकडे वळली.

"तो उंदीर आमचा नाईच. तुमच्याच घरचा असन," शालूबाई काकुळतीला येऊन म्हणाली. तेवढ्यात पुंजाजी वावरातून परतला. शालूबाईला वाटलं, साक्षीदार मिळाला. "आयका, सांगा बरं मावशीले. हा उंदीर आपला आहे का?"

पुंजाजी हा फार सरळ माणूस. त्याने डोक्यावरचा पंचा काढला, वाकून पिंजऱ्यात पाहिलं, आणि अर्धी शेपटी दिसताच त्याचा चेहरा उजळला.

"हाव, हा तं आपला बांडाच. यानंच माही टोपी खाल्ली."

शालूबाईने डोळे मिटून घेतले. नवऱ्याने एखाद्या दिवशी खोटं बोलावं असं तिला लग्नानंतर पहिल्यांदाच वाटलं.

"झालं," अंबूबाई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट बसला होता. "बकरे, आपले गहू आपून काढून घेऊ. ज्याचे त्याले."

ती आत गेली, गंज उचलून ओट्यावर आणला आणि त्यात हात घालून बसली. पण तीन दिवस भिजून फुगलेले गहू वेगळे कसे काढायचे? हात आतच राहिला. शालूबाई समोर उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. एवढं मोठं वर्ष, पुन्हा तसंच जायचं होतं.

आळीतले म्हातारे शेषराव डोक्यावर पांढरी टोपी घालून तंबाखू मळत चालले होते, ते हे पाहून थांबले. आळीतला कोणताही तंटा ते उभ्याउभ्या मिटवीत, आणि निदान त्यांना तरी आपल्या निवाड्यांची फार खात्री होती. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"भिजल्या गव्हावर कोनाचं नाव नसते," ते म्हणाले. "तंटा उंदराचा आहे. त्याले सोडा मधात. ज्याच्या घरात शिरन, त्याचा तो."

पुंजाजीने अंगणाच्या बरोब्बर मध्ये पिंजरा ठेवून दार उचललं. बांडा बाहेर आला, जरा वेळ बसला, आणि सुसाट सुटला तो अंबूबाईच्या घरात. शालूबाईचा जीव भांड्यात पडला. शेषरावांनी तंबाखूची चिमूट तोंडात टाकली आणि निवाडा सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात मागे सरकून आपल्या दारात उभा राहिलेला पुंजाजी ओरडला, "आरे, हा तं आपल्या कनगीमागून निघाला."

एका दारात शिरलेला उंदीर दुसऱ्या घरातून निघाला, याचा अर्थ शेषरावांनाही सांगावा लागला नाही. सगळे आत धावले. धान्याची कनगी सरकवली. मधल्या भिंतीच्या तळाशी मुठीएवढं भोक होतं. पुंजाजीने पहार घालून माती उकरली, तसं भिंतीच्या पोटातून बांड्याचं अख्खं घरटं बाहेर आलं. त्यात टोपीची खादी होती. शालूबाईच्या देवाच्या वाती होत्या, अंबूबाईच्याही होत्या. बांड्याने दोन घरांत कधीच भेद केला नव्हता. आणि सगळ्यांत खाली, मातकट झालेली, एक पिवळी चिंधी होती. तिची गाठ अजून सुटलेली नव्हती. गुळाच्या जागी मात्र कुरतडलेलं भोक होतं.

अंबूबाईने ती उचलली, अंगणात नेली आणि पिंजऱ्यातल्या चिंधीशेजारी धरली. तोच पिवळा रंग, तोच हिरवा काठ.

"हे जुनी दिसते. भिंतीत कशी आली?" तिने विचारलं. या वेळी तिने बकरीला विचारलं नाही.

शालूबाईने डोळे पुसून नीट पाहिलं. "मागच्या आखाजीच्या सनाले तुमची परात आनली होती ना म्या? वापस करताना तुम्ही वावरात होत्या. उंबऱ्यावर ठेवून आली. गूळ होता तिच्यात, याच लुगड्याच्या चिंधीत बांधलेला."

अंबूबाईने चिंधीच्या भोकात बोट घालून पाहिलं.

"परात रिकामी होती," ती म्हणाली. "म्या आली तं रिकामी होती. मले वाटलं, एकट्या बाईच्या घरी कायची रीत अन् कायची भात, म्हनून शालूनं तशीच टाकून देली. लय लागलं मले ते."

डोंगर पोखरून उंदीर निघाला असं आपण म्हणतो. इथे उंदराचं बीळ पोखरून अकरा महिन्यांचं दुखणं निघालं. तो गूळ याच बांड्याने खाल्ला की याच्या बापाने, हे मात्र कळायला मार्ग नव्हता.

"अन् म्या समजून राह्यली, बकरीले काडी मारली म्हनून," शालूबाई रडता रडता म्हणाली. "मावशी, एवढं मनात होतं तं मले सांगितलं काऊन नाई?"

"सांगितलं होतं ना," अंबूबाई म्हणाली. "बकरीले."

शेषरावांनी जाहीर केलं की तंटा आपल्यामुळे मिटला, आणि ते घरी गेले. पुंजाजीने भिंतीचं भोक दगड-मातीने लिंपलं. त्याच दुपारी गहू वाटले गेले, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एकीने पातेलं धरलं, दुसरीने चीक ढवळला. औंदा एकही गाठ झाली नाही.

कुरडया वाळल्यावर चार दिवसांनी अंबूबाई शालूबाईचा वाटा परातीत घालून घेऊन आली. शालूबाई घरी नव्हती, मिरच्या तोडायला गेली होती. अंबूबाई परात मांडीवर घेऊन तिच्या ओट्यावर बसून राहिली. दोरी लांब होती, म्हणून बकरीही येऊन शेजारी बसली.

"ठेवून जा ना, मावशी," पुंजाजी म्हणाला. "तिले याले टाइम आहे अजून."

"ठेवल्यानं काय होते ते एक साल पाह्यलं, भाऊ. हातात देल्याशिवाय उठत नाई मी."

एवढ्यात शेषराव आले. आज त्यांच्या डोक्यावर टोपी नव्हती.

"अंबूबाई, जरा पिंजरा पाह्यजे होता," ते म्हणाले. "दोन दिवसापासून घरात उंदीर लय मातला. शेपूट अर्धीच आहे त्याची."

अंबूबाईने परातीवरचा हात काढला नाही.

"माळ्यावर आहे, घेऊन जा," ती म्हणाली. "पन शेषराव, वापस करताना रिकामा आना."