राजे सुभानरावांच्या सायकलीस नवा स्टेम चढविल्याची हकीकत

श्रीगजाननास वंदन, चाकास वंदन, वंगणाच्या बुधलीसही वंदन करोन जे घडले ते लिहिले जाते. शके १९३४, नंदननाम संवत्सरे, भाद्रपद वद्य पक्षी राजे सुभानराव सायकलीवरून उतरले ते मान धरूनच उतरले. त्या राज्याची रीत ऐसी जे, दसऱ्यास राजाने सायकलीवर स्वार होऊन सर्वांपुढे खिंड ओलांडावी, आणि हँडल इतके खाली असावे की नाक पुढल्या चाकास लागेल. ज्याचे हँडल उंच तो म्हातारा जाहला, त्याने मागे पालखीत बसावे. राजांची मान दोन वर्षे दुखत होती आणि हातांस मुंग्या येत, परंतु बोलण्याची सोय नव्हती, कारण धाकटे बंधू येसाजीराव सदा मागे चाक लावून असत, आणि आपण केव्हां हटतो याचीच ते वाट पाहतात ऐसे राजांचे मनी पक्के बसले होते.

मग राजांनी सायकलखान्याचा दारोगा हैबती यास एकांती नेऊन मसलत केली, आणि त्याने अर्ज केला जे, हँडल धरणारा आखूड दांडा, ज्यास स्टेम म्हणतात, तो चढत्या बाकाचा घालावा, आणि त्याखाली स्पेसर नामे कड्या रचाव्या, म्हणजे हँडल चार बोटे उंच होईल. पुढले चाक धरणाऱ्या काट्याची नळी वर लांब होती, कापावयाची राहिली होती, ती आयती कामास येईल. राजांची मर्जी जाहली. जुना स्टेम उतरला, कड्या चढल्या, नवा स्टेम बसला, आणि मग आवळण्याची वेळ आली तेव्हां हैबतीने दरबारी रिवाज पाळला. दरबारात आधी बगलेचे सरदार बसतात आणि राजे मागून येतात, म्हणोन त्याने स्टेमच्या बगलेचे दोन बोल्ट आधी कचकचून आवळिले आणि नळीच्या डोईवरचा बोल्ट मागून फिरविला. वर मखमली गवसणी घातली, जेणेकरून कड्या कोणास दिसू नयेत. राजे निर्धास्त जाहले.

दसऱ्याचे दिवशी स्वारी निघाली. खिंड चढून जाहली, उतार लागला, राजांनी ब्रेक दाबला आणि हँडलाखालून टकटक वाजू लागले, आणि पुढे पुढे हँडल हातात डुलू लागले. राजे भ्याले. थांबावे तर गवसणी काढावी लागेल, न थांबावे तर दरी. येसाजीराव मागेच होते. राजांनी पाय टेकिला, आणि सारी स्वारी थबकली.

पुढला ब्रेक धरून राजांनी सायकल मागेपुढे हालविली आणि हँडलाखालच्या सांध्यावर बोट ठेविले, तो सांधा आत हालत होता. हत्यारे घेऊन स्वारीमागून आलेला हैबती रिवाजाचे सांगू लागला. राजे म्हणाले, "रिवाज गादीपुरता ठेव. बगला आधी आवळल्या तर स्टेम जागीच अडकतो, मग वरून कितीही दाबा, खालची ढिलाई जाईल कैसी?" ऐसे म्हणोन त्यांनी आपल्या हाते गवसणी ओढून काढिली. कड्या सर्वांनी पाहिल्या. राजांचे कान तापले, परंतु त्यांनी बगला सैल केल्या, डोईचा बोल्ट टकटक थांबेतो फिरविला, हँडल चाकाशी सरळ केले, मग बगला आवळल्या, आणि तोंड न फिरविता बोलले, "आमची मान दुखते. दोन वर्षे दुखते. ज्यास पुढे जावयाचे त्याने जावे."

येसाजीराव सायकलीवरून उतरले, आणि उतरताना त्यांचाही हात आपसूक मानेवर गेला. ते जवळ येऊन हळूच म्हणाले, "दादासाहेब, ऐशा कड्या आणखी आहेत काय? आम्हीही दोन वर्षे आपल्या भयाने बोललो नाही."

राजांस हसू आले आणि डोळेही भरले. मग ते पुढे निघाले, आणि त्या उतारावर त्यांस प्रथमच पुढल्या चाकापलीकडील गावे दिसली. परतल्यावर एकेका सरदाराने हैबतीस आडबाजूस गाठले, आणि सायकलखान्यातील स्पेसर दिवाळीपूर्वीच संपले. दोघे भाऊ एकमेकांच्या भयाने दोन वर्षे वाकून राहिले, इतकाच या हकीकतीचा इत्यर्थ.